यशवंतरावांचा दुसरा डोळा

सकाळपासून डोकं फिरलंय. घरातले म्हणतात, पोराटोरांच्या चित्रांच्या पुस्तकावरून एवढं चिडायचं काय कारण. म्हणून इथे लिहितोय, तुम्ही तरी ऐकाल.

काल नातीला पुस्तकांच्या प्रदर्शनात नेलं होतं. एका टेबलावर युद्धकाळातल्या सेनानींची आणि नेत्यांची सचित्र चरित्रं मांडलेली. चर्चिल, रूझवेल्ट, झाशीची राणी, महादजी शिंदे, आणि त्या रांगेत चक्क आमच्या इंदूरचे राजे यशवंतराव होळकर! हल्ली इंदूरात यशवंतराव म्हटलं की लोकांना एमवाय हॉस्पिटल आठवतं, आणि ते नाव तर दुसऱ्या यशवंतरावांचं, शंभर वर्षांनंतरच्या. मी हरखून गेलो. पाचही पुस्तकं घेतली, किंमत न बघता. (सौ. वाचत असेल तर : बघितली होती.)

आज पोहे खाता खाता नात पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "आबा, हे ते नाहीत. तुम्ही सांगितलं होतं त्यांना एकच डोळा होता. यांना तर दोन आहेत."

बघतो तर खरंच. मुखपृष्ठावर दोन, आत प्रत्येक पानावर दोन. चांगले टपोरे, काजळ घातल्यासारखे. बंदूक फुटून त्यांचा एक डोळा गेला होता, ही काय गुप्त बातमी आहे? होळकरांवर चार पानं वाचलेल्या कुणालाही ठाऊक असते. पण चित्रकाराने, की संपादकाने, की कुणा शहाण्याने राजाचा डोळा परस्पर बरा करून टाकला.

तुमच्यातल्या जुन्या मित्रांना माहीत आहे मला हे का झोंबलं. बाकीच्यांसाठी सांगतो. १९६६ साली, मी नऊ वर्षांचा असताना, आमच्या गल्लीत गिल्ली-डंडा चालला होता (विटी-दांडू म्हणा, पण इंदूरच्या पोरांना विटी म्हटलेलं कळत नसे). गिल्ली उडाली ती थेट माझ्या डाव्या डोळ्यात. डोळा गेला. घरातल्यांना वाटलं पोर वाचलं हेच खूप. पण गल्लीने पंधरा दिवसांत माझं नाव बदललं. "ए काण्या!" मी शाळेत जायचं बंद केलं. आईने मारलं तरी जाईना.

मग एका संध्याकाळी नाना, म्हणजे माझे आजोबा, मला घेऊन राजवाड्यासमोर जाऊन बसले. होळकर दरबारात कारकुनी केलेला माणूस, १९४८ ला संस्थान विलीन झालं तरी त्यांच्या तोंडी 'सरकार' म्हणजे होळकरच. शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अरे, मॉन्सन नावाचा साहेब पाच पलटणी घेऊन होळकरांवर चालून आला होता. १८०४ सालची गोष्ट. मुकुंदऱ्याच्या घाटापासून जो पळत सुटला तो आग्र्याला जाऊन थांबला. भर पावसात, तोफा चिखलात टाकून. त्याला पळवणाऱ्या आपल्या राजाला डोळे किती होते? एक. कुठला? तुझ्यासारखाच, डावा गेलेला."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. कुणी काण्या म्हटलं की मनात म्हणायचो, थांब, तुझा मॉन्सन करतो. हसू नका, पुढची साठ वर्षं मी त्या शेंगदाण्यांवर काढली आहेत.

तर, प्रदर्शनातल्या विक्रेत्याला फोन लावला. नंबर बिलावर होता. सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्याने, मग म्हणाला, "भिया, दोनों आँखें सलामत हैं ना? तो फिर शिकायत काहे की?" मी फोन ठेवला. आता लिहिताना हसू येतंय, तेव्हा नव्हतं आलं.

मग बाकीची चार पुस्तकंही संशयाने चाळली. रूझवेल्ट बघा. १९२१ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी पोलिओ झाला, पाय गेले. जवळपास सगळं महायुद्ध त्या माणसाने चाकांच्या खुर्चीतून चालवलं. पुस्तकात गडी जहाजाच्या डेकवर ताडताड चालतोय! हा रोग आजचा नाही म्हणा. त्यांचा खुर्चीतला फोटो छापायचा नाही असा तिथल्या वर्तमानपत्रवाल्यांत अलिखित करारच होता. वॉशिंग्टनला १९९७ मध्ये त्यांचं स्मारक झालं, त्यातही पुतळ्यावर असा घोळदार झगा घातला की खुर्ची जवळपास दिसूच नये. अपंग लोक भांडले, तेव्हा कुठे २००१ मध्ये खुर्चीतला दुसरा पुतळा बसला. आणि हे सगळं लपवणारा तो माणूस स्वतः मरायच्या दीड महिना आधी अमेरिकेच्या संसदेत बसून बोलला आणि म्हणाला, पायांवर दहा पौंड पोलाद वागवावं लागतं, म्हणून बसतो, माफ करा. साडेचार किलो लोखंड! त्या एका प्रसंगावर दोन पानं रंगवायची की नाही?

महादजी घ्या. पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ ला, पाय असा तुटला की जन्मभर लंगडत चालले. राणेखान नावाच्या भिस्त्याने उचलून आणलं, पखाल वाहणाऱ्या बैलावर घालून. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानलं, सरदार केलं. सचित्र पुस्तकाला याहून चांगलं चित्र कुठलं मिळणार? पखाल, बैल, रक्त, थंडी. पण नाही. महादजी संगमरवरी खांबाजवळ उभे, दोन्ही पायांवर सारखा भार. राणेखान अख्ख्या पुस्तकात नाही.

स्टालिनच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण त्याच्याच काळात फोटोतून पुसले जायचे, आणि नको झालेली माणसंही. तिथे निदान भीतीने होत होतं. इथे कुणाची भीती आहे? रणजितसिंहांचाही एक डोळा देवीने गेलेला, त्यांचे चित्रकार त्यांना बाजूने काढायचे, चांगला डोळा दिसेल असे. ते मला चालतं. बाजू बदलली, डोळा उगवला नाही.

आता कुणीतरी म्हणेलच की लहान मुलांना असलं दाखवू नये, घाबरतात. बरं, घाबरत असतील एखाददोन. आणि चित्रकाराला पानामागे काय मिळत असेल तेही मला ठाऊक आहे, त्याच्यावर माझा राग नाही.

माझे पुण्याचे मित्र आतापर्यंत खाली टाइप करायला लागले असतील की १८०२ मध्ये हडपसरला जिंकल्यावर तुमच्या यशवंतरावांनी पुण्यात काय केलं तेही सांगा. सांगतो की! लुटलं. तेही पुस्तकात नाही, आणि तेही चित्रात काढायला हवं होतं. आणि शेवटची वर्षंही काढा : भानपुऱ्याला दिवसरात्र तोफा ओतून घेणारा, हळूहळू भ्रम होत गेलेला, पस्तिशीत १८११ ला गेलेला माणूस. मला गुळगुळीत राजा नकोच आहे. नऊ वर्षांच्या मला त्या काजळ घातलेल्या राजाने काहीच दिलं नसतं. मी गल्लीतच बसून राहिलो असतो.

असो. राग आता बराच उतरलाय. दुपारी झोपायला गेलो तर नात परत आली. हातात ते पुस्तक आणि काळा स्केचपेन. म्हणाली, "आबा, मी बरोबर करते. कोणता डोळा?"

मी ताडकन म्हणालो, डावा.

ती गेली कामाला लागली, आणि मी पडल्या पडल्या आढ्याकडे बघत राहिलो. डावा, हे मला नानांनी सांगितलं. नानांना कुणी सांगितलं? माझी गिल्ली दोन इंच इकडे लागली असती, तर त्या संध्याकाळी राजवाड्यासमोर नानांनी काय सांगितलं असतं?

बाहेर येऊन बघतो तर पोरीची वीस पानं रंगवून झाली होती. मी काही बोललो नाही. तिच्या शेजारी बसलो आणि पेनाचं टोपण धरलं.