फोंतेन्हासची घरे ‘आयुष्य संपल्यामुळे’ पडतात का?

पावसाळ्यात पणजीत एखाद्या जुन्या घराची भिंत कोसळली की एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. फोंतेन्हास, मळा, साओ तोमे या पणजीतल्या जुन्या वस्त्यांतली घरे मातीची आहेत आणि त्यांचे आयुष्य संपले आहे. युनेस्कोमुळे तिथे खिळाही ठोकता येत नाही. सिमेंट मारून टिकली तर ठीक, नाहीतर दर्शनी भिंत ठेवून मागे आरसीसी (लोखंडी सळयांचे काँक्रीट) उभारावी. आणि शेवटी, ही पोर्तुगीजांची निशाणी जपणे सामान्य मालकाला परवडणार कसे? वाचताना हे सगळे व्यवहारी वाटते आणि त्यावर विसंबून दुरुस्त होण्यासारखी घरे पाडली जातात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘मातीची घरे, आयुष्य संपले’

या घरांच्या भिंती बहुतेक चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत. सांधे चुन्याचे, काही ठिकाणी मातीचे, वर लाकडी वासे आणि मंगळुरी कौले. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होत जातो. अशा भिंतीला ठरावीक मुदत नसते. मुदत आरसीसीला मात्र असते, विशेषतः समुद्राकाठी. खारी हवा काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. पणजीतली जुन्ता हाऊस ही 1960च्या दशकातली आरसीसी इमारत. ती असुरक्षित ठरली आणि तिथली सरकारी कार्यालये हलवावी लागली. तिच्याहून कितीतरी जुना आदिलशहा राजवाडा मांडवीच्या काठावर उभा आहे, वापरातही आहे.

मग घरे का पडतात? पाण्यामुळे. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. एक कौल सरकते, खालची रीप भिजते, मग वाशाचे टोक. वासे भिंतीच्या माथ्यावर ज्या आडव्या लाकडावर टेकतात, ते कुजायला दोन-तीन पावसाळे पुरतात. एकदा भिंतीच्या माथ्यातून पाणी आत शिरले की सांध्यातला चुना-माती धुऊन जाते, भिंतीच्या दोन बाजू एकमेकींपासून सुटतात आणि मध्ये पोट येते. ज्या दिवशी भिंत पडते, त्या दिवशी या सगळ्याला कित्येक वर्षे झालेली असतात. बंद घरे आधी पडतात ती याचमुळे. वर चढून कौल सरळ करणारे कोणी उरलेले नसते.

तपासणीला मोठी यंत्रणा लागत नाही. वाशाचे भिंतीतले टोक अणकुचीदार पेचकसाने टोचून पाहा. सेंटिमीटरभर सहज आत गेले तर ते कुजलेले आहे. त्यासाठी सगळे छप्पर बदलायची गरज नसते. निरोगी लाकूड लागेपर्यंत टोक कापायचे, त्याच जातीचा कोरडा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, सांध्याची लांबी वाशाच्या उंचीच्या किमान तिप्पट ठेवायची आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे वापरायचे. भिंतीत बसणाऱ्या टोकाभोवती दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. तिथे सिमेंट भरले की ओल कोंडते आणि नवे लाकूडही कुजते.

भेगेबाबतही घाबरून निर्णय घेऊ नये. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून तारीख लिहून ठेवा. पूर्ण पावसाळा काच अभंग राहिली तर ती जुनी, स्थिरावलेली भेग आहे. काच तडकली तर हालचाल चालू आहे, आणि मग भेगेचा आकार बोलतो. वर रुंद होत जाणारी तिरकी भेग असेल तर बहुधा कोपरा खचतो आहे. गटार फुटले आहे का ते आधी बघा. दोन भिंतींच्या जोडावर उभी भेग असेल तर भिंती एकमेकींपासून सुटत आहेत. भिंत वरच्या बाजूला बाहेर झुकत असेल तर पोटमाळ्यासाठी कोणीतरी आडवी तुळई कापलेली असण्याची शक्यता मोठी, कारण तुळई गेली की वासे भिंतीला बाहेर ढकलतात. या तिन्हींचे इलाज वेगळे आहेत, आणि तिन्हींत घर पाडायची गरज क्वचितच पडते.

‘सिमेंट मारले की भक्कम’

सर्वांत जास्त नुकसान या सल्ल्याने झाले आहे. चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा गिलावा तिला अडवतो. मग ओल आणखी वर चढते, सोबत खार आणते, आणि तो खार सिमेंटच्या मागे स्फटिक होऊन चिऱ्याचा पृष्ठभाग भुकटी करतो. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते. ठोकली की पोकळ वाजते. प्लास्टिक इमल्शन रंगाचे फुगे येतात त्याचे कारणही हेच.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी थांबवा: छप्पर, पन्हळ, गटार. पणजीत रस्ते थरावर थर चढवून उंच झाले आहेत, त्यामुळे पुष्कळ घरांचे जोते रस्त्याला टेकले आहे. भिंतीला लागून केलेला सिमेंटचा कट्टा फोडून फूटभर रुंद खडीचा पट्टा आणि त्याला निचरा द्या. मग एक चौरस मीटर जागेवर छिन्नीने सिमेंट काढून पाहा. चिरा सोबत निघत असेल तर हट्ट करू नका, तो भाग सोडून द्या. ब्रेकर मशीन लावू नका. भिंत मोकळी केल्यावर ती वाळू द्या. ढोबळ हिशेब महिन्याला इंचभर. दीड फुटी भिंत दोन्हीकडून मोकळी केली तरी नऊ महिने धरा. इथेच घाई होते, ओल्या भिंतीवर गिलावा चढतो आणि मग दोष चुन्याला दिला जातो.

गिलाव्याला एक भाग चांगला मुरलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असते. ओलीच्या जागी थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी मिसळावी. एका वेळी सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको. भिंत आधी भिजवा, पहिल्या थरावर नख उमटेनासे झाले की दुसरा द्या, आणि आठवडाभर ओली गोणपाटे लावून ऊन-वाऱ्यापासून जपा. वर चुन्याची सफेदी, रंगासाठी काव (तांबडी माती) किंवा रामरज (पिवळी माती) घालून, पातळ चार-पाच हात.

कौले काढून स्लॅब टाकण्याचा सल्लाही याच मेसेजमध्ये असतो. रिपांसह मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरला सुमारे 65 किलो. पाच इंची स्लॅबचे 300 किलोच्या वर. जुन्या चुन्याच्या सांध्यांवर आणि पायावर हा भार टाकणे म्हणजे आजवर नसलेला धोका विकत घेणे.

‘दर्शनी भिंत ठेवा, मागे नवी बांधा’

चिऱ्याची भिंत एकटी उभी राहत नाही. आतल्या आडव्या भिंती आणि छप्पर तिला धरून ठेवतात. ते पाडले की दोन मजली उंचीची भिंत केवळ टेकूंवर उरते, आणि तिच्या बाजूलाच नव्या खांबांसाठी खड्डे खणले जातात. पाया उघडा पडला आणि जोराचा पाऊस आला तर ती भिंत टिकवणे कठीण. टिकलीच, तर जुनी भिंत आणि नवी चौकट वेगवेगळ्या खचतात आणि जोडावर कायमची भेग राहते. घरातले राजांगण (मधले मोकळे अंगण), लाकडी जिना, शिंपल्यांच्या झडपा तोवर भंगारात गेलेल्या असतात. याला संवर्धन म्हणू नये.

‘युनेस्कोमुळे खिळाही ठोकता येत नाही’

फोंतेन्हास युनेस्कोच्या यादीत नाही. गोव्यातले जागतिक वारसास्थळ एकच, 1986 साली नोंदवलेली जुन्या गोव्याची चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स. पणजीतला हा भाग संवर्धन क्षेत्रात येतो आणि तिथले प्रस्ताव नगरनियोजन खात्याच्या संवर्धन समितीकडे जातात. ही बंदी नव्हे. अर्जासोबत सिटी सर्व्हेचा उतारा व नकाशा, प्रत्येक दर्शनी बाजूचे फोटो आणि कोणते साहित्य कुठे वापरणार याचा नेमका तपशील द्या. ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढेच लिहिलेला अर्ज प्रश्नांसह परत येतो.

‘पोर्तुगीजांची निशाणी’

चिरा गोव्याच्या मातीतला, गवंडी आणि सुतार गोव्याचे. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात काढला, लिस्बनमध्ये नाही. आदिलशहा राजवाड्याच्या पाठीमागे म्हामाय कामतांचे घर आहे, मळ्यात मारुतीचे देऊळ आहे. ही वस्ती आपल्याच माणसांनी बांधली आणि राखली आहे. तिला परक्यांचे सामान म्हणणे हा त्या कारागिरांवर अन्याय आहे.

‘मालकाला परवडत नाही’

या मुद्द्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकतो. सगळे एकदम करायला गेले तरच परवडत नाही. पहिल्या वर्षी फक्त छप्पर आणि पाण्याचा निचरा. घर तेवढ्यानेच वाचते. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात, आणि जुनी कौले उतरवताना हळू उतरवली तर बरीचशी पुन्हा वापरता येतात. गिलावा नंतर, रंग सर्वांत शेवटी. निळी ताडपत्री ही आठवड्यांपुरती सोय आहे. वर्षानुवर्षे ठेवली तर तिच्याखाली लाकूड घामेजते आणि वाळवी लागते.

खरी अडचण बहुतेक वेळा पैशाआधी कागदाची असते. 1867च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेल्या वारसापद्धतीत मुलगे-मुली सारखेच वाटेकरी. तीन पिढ्यांत एका घराला वीस-तीस मालक होतात, काही मुंबईत, काही लिस्बनमध्ये, आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची न्यायालयीन कार्यवाही, वर्षानुवर्षे रेंगाळते. वाटणीची वाट पाहत छपराला थांबवू नका. दुरुस्तीपुरते वेगळे संमतीपत्र करा. त्यात ही संमती फक्त छप्पर आणि निचऱ्याच्या कामाला आहे, त्याने कोणाचाही वाटा कमी-जास्त होत नाही, असे स्पष्ट लिहा. कामाची यादी, खर्चाची विभागणी आणि आधीचे फोटो जोडा आणि वकिलाकडून तपासून घ्या. वाटेकऱ्यांची भीती बहुधा ‘सही केली तर हक्क जाईल’ हीच असते, ती या वाक्याने जाते. सह्या चवथीला किंवा नाताळला सगळे घरी जमतात तेव्हाच घ्याव्यात, म्हणजे मे संपायच्या आत कौले परतून होतात.