टॉवर ऑफ लंडनला एकच तास?

आज सकाळी मावसभावाने आपल्या युरोप सहलीचा छापील कार्यक्रम व्हॉट्सॲपवर पाठवला आणि माझा पारा चढला. लंडनच्या एकुलत्या एका दिवसात मेणाच्या पुतळ्यांना दोन तास, लंडन आय या महापाळण्याला दीड तास आणि टॉवर ऑफ लंडन या साडेनऊशे वर्षांच्या किल्ल्याला एक तास, तोही ‘कोहिनूर दर्शन’ या नावाखाली. सहल कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण हे सगळेच करतात.

दारावरची तपासणी आणि कोहिनूर व राजमुकुट ठेवलेल्या रत्नागाराची रांग यांतच हा तास संपतो. मग सरकत्या पट्ट्यावर उभे राहून मुकुटांसमोरून जायचे, इंग्रजांना दोन शिव्या घालायच्या आणि बस गाठायची. याला पाहणे म्हणतात का?

माझी आत्या आयुष्यभर साताऱ्याकडच्या शाळेत इतिहास शिकवत होती. ती आमच्याकडे लंडनला आली तेव्हा आम्ही सगळे तिला रत्नागाराकडे ओढत होतो आणि ती मात्र बीचम टॉवर या बुरुजात शिरून बाहेर यायलाच तयार नव्हती. तिथे कैद्यांनी भिंतींवर कोरलेली नावे, कुलचिन्हे आणि प्रार्थना आहेत. त्यांत ‘जेन’ एवढेच एक नाव आहे. नऊ दिवसांची राणी ठरलेल्या आणि १५५४ मध्ये याच किल्ल्यात शिरच्छेद झालेल्या लेडी जेन ग्रेचे ते असावे असे मानतात. तिचा नवरा आणि दीर याच बुरुजात कैदेत होते. आत्याने विचारले, “वय काय होतं रे तिचं?” सोळा-सतरा, असे मी सांगितले. “म्हणजे माझ्या अकरावीतल्या मुली,” एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

कोहिनूर पाहूच नये, असे माझे म्हणणे नाही. दहा वर्षांच्या दुलीप सिंगकडून १८४९ मध्ये तहाच्या नावाखाली काढून घेतलेला, १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडताना १८६ कॅरटांवरून सुमारे १०६ कॅरटांवर आणलेला तो हिरा पाहून आपल्या माणसाला राग येणारच आणि तो यायलाच हवा. २०२३ च्या राज्याभिषेकात राणी कॅमिलाने तो मिरवला नाही आणि त्याच वर्षी नव्याने मांडलेल्या रत्नागारात तो जिंकून बळकावल्याचे प्रतीक म्हणून दाखवला आहे, एवढे श्रेय त्यांना नाइलाजाने देतो. तिथे फोटो काढू देत नाहीत, हे उत्तमच.

तिकीट महाग आहे, हे मान्य. माणशी तीस पौंडांच्या वर जाते. किल्ल्याच्या मधल्या व्हाइट टॉवरचे गोल जिने गुडघेदुखीच्या माणसांसाठी नाहीत, हेही मान्य. पण इतके पैसे मोजून तासाभरात बाहेर पडणे ही काटकसर कोणत्या जातीची?

आत्याही ते जिने चढली नाही. ती खाली बाकावर बसून राहिली आणि तिथल्या एका योमन वॉर्डरला माझ्याकरवी विचारू लागली की, तुम्ही रात्री कुठे जाता. हे रक्षक किमान बावीस वर्षे सैन्यात काढलेले असतात आणि बायकामुलांसह किल्ल्यातच राहतात, हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला. आपल्या गडांवरची नांदती घरे उठून गेली, याचे दुःख ती वर्गात नेहमी सांगत असे; इथे तटाला लागून कोणाच्या तरी खिडकीत पडदे होते. त्या दुपारी मला इंग्रजांचा हेवा वाटला, जो मला सहसा वाटत नाही.

तेव्हा जाणाऱ्यांनो, निदान अर्धा दिवस ठेवा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, शनिवार-रविवार टाळा आणि दार उघडताच थेट रत्नागार गाठा, म्हणजे रांग नसते आणि हिऱ्याचे एकदाचे उरकते. मग योमन वॉर्डरांच्या फेरीत सामील व्हा. ती तिकिटातच असते. तिचा विनोदी सूर सगळ्यांना रुचेलच असे नाही, पण कैद्यांना नदीतून आत आणत त्या ट्रेटर्स गेटपाशी उभे राहून ऐकण्याची मजा वेगळी. त्यानंतर बीचम टॉवर, आणि तिथे कोणी घाई करू लागले तर त्याला किल्ल्यात पाळलेले डोमकावळे पाहायला बाहेर पाठवा. रात्री दारे बंद करण्याचा सोहळा पाहायचा असेल तर त्याचे तिकीट वेगळे असते आणि ते फार लवकर संपते.

मावसभावाला मी कळवले आहे की, त्या दिवशी त्याने बस सोडून द्यावी. मी रजा टाकतो.