किल्ली फिरत नाही म्हणून पक्कड लावू नका

गाडी सुरू होत नसेल तर 'मेकॅनिकला न बोलावता करायचे उपाय' सांगणारा एक मेसेज सध्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली 'जनहितार्थ' असंही लिहिलंय. तो आमच्या काकांपर्यंत पोचला आणि त्यांनी पहिला उपाय लगेच करून पाहिला. आता किल्लीचं अर्धं पातं इग्निशनच्या कुलपात आहे आणि अर्धं त्यांच्या हातात. पुढे ढकलण्याआधी निदान हे वाचा.

पहिला उपाय असा: 'स्टीअरिंग लॉक झालं तर किल्लीला पक्कड लावून जोरात पिळा, लॉक सुटतं.' सुटत नाही, किल्ली तुटते. किल्ली काढल्यावर स्टीअरिंग थोडं फिरलं की आतल्या दांड्याच्या खाचेत एक पोलादी पिन जाऊन बसते. चोर काच फोडून आत शिरला तरी त्याला गाडी वळवता येऊ नये, एवढ्यासाठी ती असते. चाकं वळवून फुटपाथला टेकवलेली असली तर त्यांचा ताण त्या पिनवर येतो, ती खाचेत आवळली जाते आणि किल्ली जागची हलत नाही. यात बिघाड काहीच नसतो. एका हाताने स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवत राहायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी किल्ली फिरवायची. ताण सुटला की 'टक्' असा आवाज येतो आणि किल्ली अलगद फिरते. दोन बोटांच्या जोराने जे होत नाही, ते पकडीने करायला जाऊच नये.

दुसरा उपाय: 'बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, सिक्युरिटी रीसेट होते.' नाही होत. इथे सिक्युरिटी म्हणजे इमोबिलायझर, ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा. तिचे कोड ज्या मेमरीत असतात ती वीज गेल्यावर पुसली जात नाही. तशी पुसली जात असती तर प्रत्येक चोराने आधी बॅटरीच काढली असती. दहा मिनिटांची गोष्ट मात्र अगदीच हवेतून आलेली नाही, एवढं मान्य करतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही जुन्या गाड्यांत 'पासलॉक' नावाची यंत्रणा होती. तिच्यात किल्ली ऑन करून, सिक्युरिटीचा दिवा विझेपर्यंत साधारण दहा मिनिटं थांबायचं, असं तीनदा केलं की गाडी नवा कोड शिकत असे. पण तिथेही बॅटरी काढायची नव्हती, आणि तुमच्या दारातल्या मारुती-टाटाचा त्या यंत्रणेशी काडीचाही संबंध नाही.

आता सगळ्यात घातक मुद्दा. 'इमोबिलायझर हा कंपन्यांचा पैसे उकळायचा धंदा आहे, ओळखीच्या गॅरेजमध्ये कायमचा बायपास करून घ्या, किंवा जास्तीच्या किल्लीतली चिप काढून कुलपाजवळ चिकटवून टाका.' हे लिहिणाऱ्याला आपण काय सांगतोय याची कल्पना तरी आहे का? किल्लीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. कुलपाभोवतीची कॉइल तिला जवळून ऊर्जा देते, चिप आपला कोड सांगते आणि तो जुळला तरच ईसीयू, म्हणजे इंजिनावर ताबा ठेवणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर, इंजिन चालू राहू देतो. तीच चिप कॉइलजवळ चिकटवली की नुसत्या पात्याने, नाहीतर कुलूप फोडूनही, गाडी सुरू होणार. म्हणजे चोराचं अर्धं काम तुम्हीच करून ठेवलंत.

इमोबिलायझर नसला की काय होतं, ते अमेरिकेने पाहिलंय. तिथे विकलेल्या ह्युंदाई आणि कियाच्या लाखो गाड्यांत तो बसवलेला नव्हता. 2022 मध्ये त्या चोरायची युक्ती सांगणारे व्हिडिओ टिकटॉकवर पसरले आणि पोरंटोरं गाड्या पळवू लागली. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, या चोऱ्यांमुळे किमान 14 अपघात आणि 8 मृत्यू झाल्याची नोंद असल्याचं सांगितलं. सुमारे 83 लाख गाड्यांना मोफत सॉफ्टवेअर अपडेट द्यायची पाळी आली. आणि ज्या वस्तूच्या अभावी हे सगळं घडलं, ती आपण पैसे देऊन काढून घ्यायची?

'किल्लीचा सेल संपला की इमोबिलायझर अडतो' हेही चूक. सेल दरवाजाच्या रिमोटसाठी असतो, साध्या चिपला तो लागतच नाही. बटणाच्या गाड्यांत सेल संपला तर बहुतेक वेळा रिमोट बटणाला टेकवून गाडी सुरू करता येते. मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

कुलपात खोबरेल तेल तर अजिबात नको. धूळ धरतं, आणि थंडीत बाटलीत गोठतं तसंच कुलपातही गोठतं. शिसपेन्सिलीची बारीक पूड किल्लीला लावून चार वेळा आत-बाहेर करा, तेवढं पुरतं.

खरं तर आधी पाहायचं ते या मेसेजमध्ये कुठेच नाही. स्टार्टर नुसता कटकट करतोय आणि दिवे मंद होताहेत? मग बहुधा बॅटरी उतरलीय, सिक्युरिटीच्या नादी लागू नका. इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, किंवा दोन सेकंदांत बंद पडतंय, आणि डॅशबोर्डवर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतोय? मग किल्ली ओळखली जात नाहीये. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती बाजूला काढा, कारण दोन चिपा जवळ आल्या की गोंधळ होतो. मग घरातली दुसरी किल्ली लावून पाहा. तिने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्हींनी झाली नाही तर कॉइल, वायरिंग किंवा ईसीयू, आणि तिथे स्कॅनर असलेला माणूसच लागतो.

'दोनशे रुपयांत डुप्लिकेट किल्ली' बिनचिपच्या जुन्या गाडीला चालेल. चिपच्या गाडीत तिने दार उघडेल, इंजिन चालणार नाही. आणि कंपनीने दिलेल्या दोन्ही किल्ल्या सांभाळून ठेवा, एकीतली चिप उपटून काढू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी त्या दोन्ही मागते.