आपल्याकडं ऑटम नाही म्हणून लेकरांनी वर्कशीटच भरायची का?

सध्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय. कुणी लिहिला माहीत नाही पण पुढं सगळेच पाठवायलेत. मेसेज थोडक्यात असा: आपल्याकडं परदेशासारखा ऑटम (पानगळीचा ऋतू) नसतो, म्हणून त्या सीझनच्या ॲक्टिव्हिटी करायच्या असतील तर रेडीमेड किट मागवा. नाहीतर पानं, बिया, माती हा सगळा टाईमपास आहे, सहा वर्षांच्या आत ८५ टक्के मेंदू तयार होतो तेव्हा आत्ताच अक्षरं आणि शंभरपर्यंत आकडे गिरवून घ्या. मातीनं लेकरं आजारी पडतात. खेड्यातल्या लेकरांना रान रोजचंच, त्यांना त्यात नवीन काय. आणि अंगणवाडीत हे काही होत नसतं, दिवाळीनंतर बघू.

मी बीड जिल्ह्यात बालवाडी शिकवते. हा मेसेज आमच्याच गावातल्या आयांनी मला पाठवला आणि "ताई, हे खरंय का" म्हणून विचारलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी किटचं बघू. त्यात असतं काय? मेपलची लाल पानं, पाईनचे कोन, नारिंगी भोपळा. आमच्या लेकरानं मेपलचं पान लाल रंगवायचं आणि दारात आलं की समोर कडुनिंब हिरवागार उभा. थंड देशात दिवस लहान होतात, गारठा पडतो, तेव्हा झाड पानातला हिरवा रंग मोडून आत ओढून घेतं आणि खाली लपलेला पिवळा दिसायला लागतो. आपले कडुनिंब, पिंपळ, पळस पानं गाळतात ते पावसाळा सरून जमीन कोरडी पडल्यावर, माघ-फाल्गुनात. पानगळीचे खेळ तेव्हा खेळा, खुशाल. आश्विनात आपल्याकडं पान गळत नाही, पीक निघतं. सोयाबीन काढणीला येतं, कापूस फुटतो, बालाघाटच्या डोंगरावर सीताफळाचे डोळे उघडतात, ज्वारीची पेरणी चालू असते, परतीचा पाऊस येतो नि त्याच्या मागून ऑक्टोबर हीट, आणि या सगळ्याच्या मधोमध घट बसतात. दीड महिन्यात एवढं घडतं आणि आपण म्हणायचं आपल्याकडं करायला काही नाही!

आता तो मुद्दा घेते जो मला सगळ्यात जास्त लागला, खेड्यातल्या लेकरांना हे रोजचंच आहे हा. रोज दिसतं, बरोबर. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीबद्दल त्याला कुणी काही विचारलंय का? घटाचंच घ्या. पत्रावळीवर रानातली काळी माती, त्यात गहू नाहीतर ज्वारी, वर घट, आणि नऊ दिवसांत हातभर नाही पण बोटभर तरी धान वर येतं. देवघराच्या अंधारात वाढलेलं ते धान पिवळं असतं, रानातला गहू मात्र हिरवा. प्रत्येक घरात दरवर्षी हे होतं, आणि का, हे चार वर्षांचं लेकरू कधी विचारत नाही कारण त्याला वाटतं घटातलं धान पिवळंच असतं. देवाच्या घटाला हात लावू नका, ते बरोबरच आहे. बालवाडीत दोन द्रोण घ्या, दोन्हीत तीच माती तोच गहू, एक खिडकीत उन्हाला ठेवा, एक टोपलीखाली झाका. रोज पाणी लेकरांनीच शिंपडायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून धान दोऱ्यानं मोजायचं, दोरा तेवढाच कापायचा आणि भिंतीवरच्या कागदावर चिकटवायचा, शेजारी दुसऱ्या दिवशीचा. एकही आकडा न लिहिता लेकरू आलेख वाचायला लागतं. आणि टोपली उचलली की आतलं धान पिवळं आणि उन्हातल्यापेक्षा उंच निघतं, ते उजेड शोधत वर पळालेलं असतं. मग झाकलेला द्रोण उन्हात ठेवा, पात्यांना हळूहळू हिरवा रंग चढतो. हे बघितलेलं लेकरू घरी जाऊन आजीला घट का पिवळा ते सांगतं, आणि आजी ऐकते.

कापसाचं पण तसंच. ज्या लेकराची आई दिवसभर वेचणीला जाते त्याला कापूस काय दाखवायचा, असं वाटतं ना? दोन वाट्या पाणी घ्या. एकीत रानातला सरकी काढलेला कापूस टाका, दुसरीत मेडिकलमधला. मेडिकलमधला लगेच पाणी पिऊन खाली बसतो आणि रानातला वरच तरंगत राहतो, बोटानं दाबला तरी परत वर येतो. कारण कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, दवाखान्याच्या कापसाचा तो धुऊन काढलेला असतो. मेण वगैरे लेकराला सांगायची गरज नाही, "असं का झालं असंल" एवढंच विचारा आणि गप्प बसा, ती काय काय कारणं सांगतात ते ऐका. "ह्याला तहान लागली होती" हेसुद्धा कारणच आहे, त्या वयात विचार असाच सुरू होतो.

तीन बाटल्या कापून, बुडाला भोकं पाडून एकीत काळी माती, एकीत मुरूम, एकीत वाळू भरून वरून पाणी ओता, कुणाचं पाणी आधी खाली येतं त्यावर लेकरं पैज लावतात. काळ्या मातीचा लाडू करून उन्हात वाळवा, दुसऱ्या दिवशी त्याला भेगा. आपट्याचं पान मधोमध दुमडा, दोन्ही पाळ्या एकमेकीवर बसतात (पानं दोन-चारच तोडा, दसऱ्याला लोक अख्ख्या फांद्या मोडून आणतात, ते बघवत नाही). झेंडूची पाकळी देठातून ओढा, खाली काळी बारीक बी निघते.

आता गिरवण्याचं. ८५ टक्क्यांचा आकडा मेसेजवाल्यानं हवेतून काढलेला नाही, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मेंदूच्या वाढीबद्दल तसं म्हणलंय. पण तेच धोरण ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून आणि कृतीतून शिकवायला सांगतं, ती ओळ बरोबर गाळली. अर्धं धोरण दाखवून आयांना भीती घालायची ही पद्धत मला अजिबात पटत नाही. आणि हाताचा विचार करा. मनगटात आठ बारकी हाडं असतात, जन्मतः ती सगळी मऊ कूर्चा असतात, मग वर्षानुवर्षं एकेक करून टणक व्हायला लागतात, पाच-सहा वर्षांपर्यंत त्यातली बरीचशी सुरू होतात आणि शेवटचं तर नऊ ते बाराच्या दरम्यान. त्या हाताला तीन वर्षांचा असताना पानभर अ गिरवायला बसवायचं म्हणजे काय? पेन्सिल धरायला अंगठा आणि तर्जनीची जी चिमट लागते ती सोयाबीनची वाळकी शेंग सोलून येते, कापसातून सरकी ओढून येते. शेंगा सोलताना एक दाण्याची कुठली, दोन दाण्यांची, तीन दाण्यांची कुठली असे ढीग लावायला सांगा, आकडे तिथंच आले. अक्षरं येतीलच, त्यांची वेळ आली की पटापट येतील.

आजारपणाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, त्यात काळजी घेण्यासारखं खरंच आहे. मातीतून जंत होतात, म्हणून नखं कापलेली, पायात चप्पल आणि खेळून झाल्यावर साबणानं हात, आणि राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी चुकवू नका, ती १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना देतात. फवारणी केलेल्या रानात लेकरांना नेऊ नका. एरंडाच्या बिया, गुंजा, धोत्र्याची बोंडं आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, ज्यांनी आपण लहानपणी खेळलो, या चारही विषारी आहेत, बालवाडीच्या टोपलीत त्या नकोतच. सीताफळ खाऊन उरलेल्या बिया धुऊन मोजायला चांगल्या, पण फोडू नका, त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. बारक्या लेकरांना हरभरा, तूर हातात देऊन बाजूला जाऊ नका, नाकात घालतात आणि तो दाणा आत फुगतो. दहा दाणे दिले तर दहा परत मोजून घ्या, तेवढीच मोजणीही होते. सोयाबीनच्या गंजीत कुणी हात घालायचा नाही, खाली साप-विंचू असतात, हे मोठ्यांनी आणून द्यायचं. आणि दुपारच्या उन्हात काही नको, सकाळीच करा. एवढं पाळलं तर मातीला भ्यायचं कारण नाही.

अंगणवाडीत होत नसतं म्हणणाऱ्यांना एकच सांगते. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढं १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. वारल्यांच्या पाड्यावर शंख-शिंपले, बिया, पानं हेच साहित्य, आणि लेकरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. विकतच्या किटची वाट त्यांनी बघितली नाही. आमच्या सेविका ताईंवर रजिस्टरं, वजनं, आहार, मोबाईलवरची माहिती एवढा बोजा आहे हे मला दिसतं, त्यांना आणखी एक काम लावा असं मी म्हणत नाही. घट, कापूस, शेंगा हे गावातल्या आयांनी आळीपाळीनं घेऊन बसायचं काम आहे, रोज अर्धा तास.

आणि दिवाळीनंतर बघू हे तर आमच्या जिल्ह्यात कुणी म्हणूच नये. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात, दिवाळी झाली की गल्लीच्या गल्ली रिकामी. तीन-चार वर्षांची लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात ती पाडव्याच्या आसपास परत येतात. त्यांच्यासाठी बालवाडीचं वर्ष म्हणजे हा आश्विनच. फडावरसुद्धा उसाच्या कांड्या लहान-मोठ्या लावता येतात, कोपीपुढच्या (झोपडीपुढच्या) मातीचा लाडू करता येतो, बैल मोजता येतात, पण ते आईला कुणीतरी आधी करून दाखवलेलं पाहिजे. म्हणून पालक मेळावा घटस्थापनेच्या आठवड्यात घ्या. दिवाळीनंतर घेतला तर ज्यांना सांगायचं तेच गावात नसतात.