डीडीएसचा क्लॉक : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ओएम (हॅम रेडिओतलं ‘मित्रा’), नमस्कार. तुमच्या आक्षेपांचा सारांश आधी देतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. माझा लेख हॅम रेडिओ सेटमधल्या डीडीएसच्या (आकड्यांवरून हवी ती वारंवारता घडवणाऱ्या चिपच्या) क्लॉकवर, म्हणजे तिला ताल देणाऱ्या स्थिर सिग्नलवर होता. १२५ मेगाहर्ट्झचा वेगळा ऑसिलेटर, त्याला वेगळा रेग्युलेटर (स्थिर व्होल्टेज देणारी चिप) आणि मल्टिप्लायर (क्लॉकची वारंवारता चिपच्या आतच वाढवणारा भाग) बंद, हा त्यातला आग्रह तुम्हाला फाजील वाटतो. तुमचं म्हणणं असं : एडी९८५१ या डीडीएस चिपमध्ये सहापट मल्टिप्लायर आयताच आहे. अशर फरहान यांचा मायक्रोबिटएक्स हा हॅम सेट एसआय५३५१ या क्लॉक बनवणाऱ्या चिपवर व्यवस्थित चालतो. १२५च का, १०० मेगाहर्ट्झ का नको? आणि नेमकेपणा हवा असेल तर जीपीएसचे १० मेगाहर्ट्झ जोडून मोकळं व्हावं.

काही बाबतीत तुमचं बरोबर आहे, आणि ते आकड्यांतच दिसतं. लोकल ऑसिलेटरचा (आलेला सिग्नल रिसीव्हर ज्याच्याशी मिसळतो त्याचा) फेज नॉइज, म्हणजे वाहकाच्या आजूबाजूला पसरलेला गोंगाट, वाहकापासून १० किलोहर्ट्झवर −१२० डीबीसी (वाहकाच्या तुलनेत डीबी) प्रति हर्ट्झ धरा. २.४ किलोहर्ट्झ बँडविड्थसाठी त्यात ३४ डीबी मिळवा. म्हणजे शेजारच्या जोरकस स्टेशनचा जो गोंगाट तुमच्या चॅनेलवर सांडतो, तो त्या स्टेशनच्या ८६ डीबी खाली. स्टेशन सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर एस९+६०, म्हणजे −१३ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डीबी), असेल तर गोंगाट −९९ डीबीएम. शहरात रात्री ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झचा बँड) एस५-एस६ची खरखर असेल, तर ती मुळातच −९७ ते −९१ डीबीएम असते. तिथे क्लॉक कितीही स्वच्छ केला तरी कानाला फरक कळणार नाही. पण हाच सेट एस१-एस२ गोंगाटाच्या गावात नेला आणि काँटेस्टच्या (हॅम संपर्कांच्या स्पर्धेच्या) दिवशी लावला, की मंद स्टेशनं त्या सांडलेल्या गोंगाटाखाली जातात. लेख त्या वापरासाठी होता.

आता मल्टिप्लायर. डीडीएस हा एका अर्थी भागाकार आहे. क्लॉकचा फेज नॉइज आउटपुटवर २० लॉग (क्लॉक भागिले आउटपुट) इतका कमी होतो. १२५वरून ७ मेगाहर्ट्झ काढताना हा फायदा २५ डीबी. अर्थात तो अमर्याद नाही, खाली डॅकचा (डीडीएसमधल्या आकड्यांचा सिग्नल करणाऱ्या भागाचा) स्वतःचा तळ लागतोच. एडी९८५१मध्ये ३० मेगाहर्ट्झचे सहापट १८० होताना संदर्भाचा (बाहेरून दिलेल्या ३० मेगाहर्ट्झचा) नॉइज आधी १५.६ डीबी वर चढतो. तोही चालून जाईल, कारण पुढच्या भागाकारात तो परत वसूल होतो. खरा त्रास चिपच्या पोटातल्या पीएलएलचा (आतल्या ऑसिलेटरला संदर्भाशी बांधून मल्टिप्लायर बनवणाऱ्या लूपचा). लूप बँडविड्थच्या बाहेर त्याच्या ऑसिलेटरचा नॉइज थेट क्लॉकवर बसतो. एडी९९५१ या दुसऱ्या डीडीएसमध्ये २०पट लावलेत तर संदर्भाच्या नॉइजमध्ये २६ डीबींची भर.

एडी९८५१चा मल्टिप्लायर चालू-बंद करण्याचा बिट म्हणजे चिपला पाठवायच्या सीरियल शब्दातला डब्ल्यू३२. एडी९८५१साठी लिहिलेला कोड तसाच एडी९८५० या मल्टिप्लायर नसलेल्या भावंड चिपवर चढवू नका. तिथे डब्ल्यू३२ आणि डब्ल्यू३३ दोन्ही शून्यच हवेत, नाहीतर चिप कारखान्यातल्या चाचणी अवस्थेत जाऊ शकते.

एसआय५३५१बद्दल : मायक्रोबिटएक्समध्ये तो थेट लोकल ऑसिलेटर आहे, मागेपुढे डीडीएस नाही. त्या किमतीत ती निवड उत्तमच. डीडीएसच्या मागे क्लॉक म्हणूनही मी त्याला नाही म्हणणार नाही, अट एवढीच की तो पूर्णांकी ठेवायचा. २५ मेगाहर्ट्झ गुणिले ३० म्हणजे ७५०, भागिले ६ म्हणजे १२५. अपूर्णांकी भागाकार लावला की क्लॉकच्या अगदी जवळ स्पर (नको असलेले बारीक सिग्नल) येतात, आणि ते आउटपुटवरही वाहकापासून तेवढ्याच अंतरावर उमटतात. क्लॉकवर −६० डीबीसीचा स्पर असेल तर ७ मेगाहर्ट्झवर तो −८५च्या आसपास जातो, पण कोणत्याही लो-पास फिल्टरने निघत नाही. आणि त्याच चिपचे उरलेले दोन आउटपुट बीएफओसाठी (आवाज परत उलगडणाऱ्या ऑसिलेटरसाठी) वापरायचा मोह टाळा. एकमेकांत गळती होते.

व्होल्टेजही बघा. एडी९८५० ५ व्होल्टवर चालत असेल तर लॉजिक एकसाठी किमान ३.५ व्होल्ट मागतो, आणि एसआय५३५१ देतो ३.३. थेट जोडलं तर कधी चालेल, कधी नाही. १० नॅनोफॅरॅडमधून जोडा आणि क्लॉकच्या पिनवर १०-१० किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी अर्ध्या सप्लायचा बायस द्या. दुसरा मार्ग एडी९८५०च ३.३ व्होल्टवर चालवण्याचा, पण मग क्लॉकची मर्यादा ११० मेगाहर्ट्झवर येते.

आणि तिथेच १००चा मुद्दा येतो. आउटपुटचे हार्मोनिक क्लॉकवर आपटून परत येतात, आणि क्लॉकला पूर्णांकाने भागून येणाऱ्या वारंवारतेजवळ ते आउटपुटला चिकटतात. १०० भागिले ७ म्हणजे १४.२८५७, थेट २० मीटरच्या (१४ मेगाहर्ट्झच्या बँडच्या) फोनच्या, म्हणजे बोलण्याच्या, भागात. १४.२८० लावलंत की सहाव्या हार्मोनिकची प्रतिमा १४.३२०वर आणि आठव्याची १४.२४०वर. दोन्ही बाजूंना ४० किलोहर्ट्झवर स्पर, आणि डायल फिरवला की ते एकमेकांच्या उलट दिशेने भरभर पळतात. १०० भागिले १४ म्हणजे ७.१४३, तोही बँडमध्येच, फक्त हार्मोनिक वरचे म्हणून क्षीण. १२५ घेतलेत तर भागाकार १३.८८९ आणि ६.९४४वर पडतात, दोन्ही बँडबाहेर. १२ मीटरवर मात्र १२५ही वाईट, कारण १२५ भागिले ५ म्हणजे २५.० आणि बँड संपतो २४.९९ला. या एका हिशेबात एडी९८५१चे १८० मेगाहर्ट्झ सगळ्यात सोयीचे, हे मान्य. १८०चा तयार ऑसिलेटर मिळाला तर मल्टिप्लायर बंद करून तोच थेट द्या.

सप्लायचा भाग लेखात दोनच ओळींत होता, आणि माझ्या मते पैसा वसूल तिथेच होतो. बाजारातल्या एडी९८५० मॉड्यूलवर ऑसिलेटरची डबी आणि डीडीएस एकाच ५ व्होल्टवर असतात. डबीच्या व्हीसीसीचा (सप्लायचा) ट्रॅक ब्लेडने कापा. डबी ३.३ व्होल्टवर चालणारी असेल तर एलपी५९०७ रेग्युलेटर (आत-बाहेर १ मायक्रोफॅरॅड सिरॅमिक), मग फेराइट बीड, मग डबीच्या पिनला खेटून १०० आणि १ नॅनोफॅरॅड. एलपी५९०७चा नॉइज १० मायक्रोव्होल्टच्या आत असतो, साध्या ७८०५चा त्याच्या काही पट. मग ५ व्होल्टच्या एडी९८५०ला वर सांगितलेला बायस इथेही लागेल. चौकोनी लहर वापरत नसाल तर मॉड्यूलवरचा ट्रिमर एका टोकाला फिरवून कंपॅरेटर गप्प करा. एडी९८५० ५ व्होल्टवर १२५ मेगाहर्ट्झला ३८० मिलिवॉट उष्णता सोडतो. डब्ल्यूएसपीआरसाठी (अतिमंद सिग्नलांच्या डिजिटल मोडसाठी) ऑसिलेटर त्याच्यापासून लांब हलवणं बरं.

जीपीएस लांब पल्ल्याचा नेमकेपणा देतं, फेज नॉइज कमी करत नाही. निओ-७एम या जीपीएस मॉड्यूलच्या टाइमपल्सवर १० मेगाहर्ट्झ मागितलेत तर ते आतल्या ४८ मेगाहर्ट्झला कधी ४ने, कधी ५ने भागून बनतात, म्हणजे जिटरच जिटर (ठोके मागेपुढे हलणं). ८ मेगाहर्ट्झ (भागिले ६) साफ येतात, पण तेही क्लॉक म्हणून वापरू नका. डीडीएसवर ५ मेगाहर्ट्झ लावा, जीपीएसच्या दहा पीपीएस (दर सेकंदाच्या ठोक्याच्या) अंतरांत मोजा. ५ कोटींत एका गणतीची चूक म्हणजे ०.०२ पीपीएम, १४ मेगाहर्ट्झवर ०.३ हर्ट्झ. त्यातून निघालेली क्लॉकची खरी वारंवारता ट्यूनिंग शब्दाच्या (डीडीएसला वारंवारता सांगणाऱ्या आकड्याच्या) सूत्रात घाला. हा गुणाकार ६४ बिट पूर्णांकांत करा. आर्डुइनो ऊनोवर डबल म्हणजे ३२ बिट फ्लोटच, आणि २० मीटरवर त्याची पायरी ३२ गणती, म्हणजे ०.९३ हर्ट्झ पडते. डब्ल्यूएसपीआरच्या दोन टोनमधलं अंतरच १.४६ हर्ट्झ आहे.

हे सगळं पटत नसेल तर मोजून बघा, स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर लागत नाही. जुन्या मदरबोर्डवरचा १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल २० मीटर बँडमध्येच बसतो. त्याचा बॅटरीवरचा ऑसिलेटर पत्र्याच्या डबीत बनवा आणि पायरीच्या अ‍ॅटेन्युएटरमधून रिसीव्हरला द्या. रिसीव्हर १० किलोहर्ट्झ बाजूला लावा, एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारा भाग) बंद, ऑडिओवर एसी मीटर. गोंगाटाचं व्होल्टेज १.४ पट, म्हणजे ३ डीबी, होईपर्यंत सिग्नल वाढवा. रिसीव्हरचा तळ ५०० हर्ट्झमध्ये −१३० डीबीएम असेल आणि −३० डीबीएमला हे घडलं, तर फरक १०० डीबी, त्यात बँडविड्थचे २७, म्हणजे −१२७ डीबीसी प्रति हर्ट्झ. सिग्नल वाढवताना गोंगाट उलट घटला तर ते ब्लॉकिंग (जोरकस सिग्नलाने रिसीव्हर दबणं). ते माप धरू नका. मल्टिप्लायर चालू आणि बंद, दोन्ही आकडे घ्यायचे असतील तर बंद असताना क्लॉक बाहेरून द्या आणि ट्यूनिंग शब्द नव्या क्लॉकप्रमाणे बदलायला विसरू नका. ७३ (शुभेच्छा).