शेरू गुरगुरला, आणि मी त्याला ओरडले नाही

मागच्या आठवड्यात आमचा कुत्रा शेरू माझ्या तीन वर्षांच्या लेकीवर गुरगुरला. तो त्याच्या गादीवर पडला होता. ती धावत आली आणि त्याला मिठी मारत सरळ त्याच्या अंगावर पडली. मी तिला उचललं, बाजूला नेलं आणि शेरूला तसंच पडू दिलं. घरी आलेल्या नातेवाइकांना हे मुळीच पटलं नाही. "दोन फटके द्यायचेस ना! आज गुरगुरतोय, उद्या चावेल."

मला वाटतं, गुरगुरल्याबद्दल ज्याला मार बसतो त्याचीच खरी भीती बाळगावी. मार खाऊन त्याचा त्रास कमी होत नाही. तो फक्त आवाज काढायचं सोडतो. मग एक दिवस तो 'अचानक' चावतो आणि सगळे म्हणतात, कधी साधा गुरगुरलाही नव्हता हो.

गुरगुरण्याच्या आधीही कुत्रा बरंच काही सांगत असतो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांच्या कडेने बघतो तेव्हा त्यांचा पांढरा भाग दिसतो. मग अंग ताठ होतं. शेपूट हलतेय म्हणजे तो खूश आहे, असंही नाही. मोठ्या कुत्र्याच्या पाठीवर मूल बसवलेले फोटो लोक कौतुकाने टाकतात. कृपा करून त्यात एकदा कुत्र्याचा चेहरा बघा. लहान मुलांना तर हे वाचताच येत नाही. दात विचकलेला कुत्रा त्यांना हसरा वाटतो. म्हणून वाचायचं काम आपलं. त्या दिवशी शेरूनेही आधी काहीतरी सांगितलं असणार. मी फोनमध्ये होते. ती चूक माझी, त्याची नाही.

"पण ही जातच तशी" हे वाक्य मी रॉटवायलरबद्दल ऐकते, जर्मन शेफर्डबद्दल ऐकते. आणि लॅब्राडोर म्हटलं की बिनधास्त मूल सोपवून मोकळे! २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला होता. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. उरलेला सगळा मालकाच्या हातात असतो असं मी म्हणणार नाही. आईबापांकडून आलेला स्वभाव असतो, आजारपण असतं. पण आपल्या वाट्याचं खूप आहे.

पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना त्याच्या मनात जग 'ओळखीचं' आणि 'भीतीचं' असं विभागलं जात असतं. त्या दिवसांत त्याने रडणारी, पळणारी, धडपडणारी मुलं शांतपणे, दुरून का होईना पाहिलीच नाहीत, तर पुढे ती त्याला विचित्र प्राणीच वाटणार. राखणीसाठी आणलाय म्हणून त्याला कोणाशी ओळखच होऊ न देणं, दिवसभर साखळीला ठेवणं, याने भित्रा कुत्रा तयार होतो. चाळीस किलोचा भित्रा कुत्रा आणि त्याच्या तोंडाच्याच उंचीवर मुलाचा चेहरा. मुलांना चावे डोक्या-चेहऱ्यावर जास्त बसतात, ते यामुळेच.

अंगावर उड्या मारणं, हात तोंडात धरणं हे सहा किलोच्या पिल्लाने केलं की आपण हसतो, व्हिडिओ काढतो. वर्षभराने तीच उडी मूल खाली पाडते, तेव्हा ती 'आक्रमक' ठरते. त्याला शिकवलं कोणी?

आणि 'मालक कोण ते दाखवायचं' म्हणून कुत्र्याला उताणं दाबून धरणारे ट्रेनर! पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये मालकांकडून माहिती घेतली होती. मारणं, दाबून धरणं, नजरेला नजर भिडवून दटावणं, अशा उपायांवर बऱ्याच कुत्र्यांनी उलट अंगावर येऊन उत्तर दिलं होतं. त्यात भर म्हणजे, मूल जवळ असताना सारखा मार बसला तर कुत्रा मुलाचा आणि दुखण्याचा संबंध जोडतो. हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

शेरूला मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. शांत कुत्रा एकाएकी चिडचिडा झाला की आधी दुखणं तपासावं. एक्स-रेमध्ये त्याच्या खुब्याचा सांधा झिजलेला दिसला. मोठ्या कुत्र्यांत हे बरंच आढळतं. लेक नेमकी त्याच बाजूला पडली होती. फटके दिले असते तर तो पुढेही दुखणं सोसत राहिला असता, गप्प राहून.

आता त्याच्या गादीपुढे छोटं फाटक लावलंय. तो हवं तेव्हा बाहेर येतो, तिला आत जायची परवानगी नाही, आणि मी खोलीत नसेन तर दोघं एकत्र नसतात. ती बाहेर बसून त्याला हाक मारते. आला तर छातीवर खाजवते, मग हात काढून घेते. त्याने पुन्हा मान पुढे केली तरच परत खाजवायचं, हे तिला आता पाठ झालंय. काल तो आला नाही. तिने दोनदा हाक मारली, थोडी थांबली आणि ठोकळे खेळायला निघून गेली.