इम्प्लांटनं पोराचं तोंड वाकडं होतं का?

सोलापुरात सध्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: ‘कॉक्लिअर इम्प्लांट करताना चेहऱ्याची नस कापतात. तोंडावरून वारं जातं ते कायमचं. पोर मोठं झाल्यावर बघा.’ तो वाचून अशोक चौकातल्या आमच्या शेजारच्या आजींनी दीड वर्षाच्या नातवाची तारीख पुढं ढकलायला लावली. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्याच्या आतल्या कानात बारीक तार बसवून, करंटनं ऐकण्याच्या नसेला आवाज पोचवणारं मशीन. माझ्या लेकीचं हे ऑपरेशन झालंय, म्हणून लिहितेय.

नस कापत नाहीत. कानामागचं हाड ड्रिलनं कोरत आतल्या शंखापर्यंत (आतल्या कानातला ऐकण्याचा, शंखासारखा भाग) जातात आणि ती वाट दोन नसांच्या मधून जाते. एक चेहऱ्याची, दुसरी जिभेच्या चवीची. मधली जागा जेमतेम काही मिलिमीटर, त्यामुळं धोका खरा आहे. म्हणूनच आधी सीटी स्कॅन बघतात (आतल्या कानाची घडण जन्मतः वेगळी असेल तर नसही वाट सोडून गेलेली असू शकते) आणि ऑपरेशनमध्ये नर्व्ह मॉनिटर (चेहऱ्याच्या नसेला धक्का लागतोय का ते सांगणारं यंत्र) लावतात. एवढं करून लकव्याचं प्रमाण बहुतेक मोठ्या अहवालांत 100 मध्ये 1 पेक्षाही कमी आहे.

‘कायमचं’ हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला. सहाव्या दिवशी माझ्या लेकीचा डावा डोळा मिटेना, हसताना ओठ एकीकडं ओढला जायला लागला. माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी समजावलं, की नसेला थेट मार बसला असता तर भूल उतरल्यावरच दिसलं असतं. नंतर आलेला लकवा बहुधा सुजेचा. नस हाडाच्या अरुंद नळीतून जाते, सुजली की आवळली जाते. स्टिरॉइड, डोळ्यात थेंब, रात्री डोळ्याला पट्टी. सातव्या आठवड्यात ती सरळ हसली. मात्र असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, शेक-मालिशीत वेळ घालवू नका.

मशीन सुरू झाल्यावर डोळा फडफडला, तर तो लकवा नव्हे. करंट शेजारच्या नसेपर्यंत पोचतोय, एवढंच. मॅपिंगमध्ये (मशीनचा करंट मुलाला जुळेल असा लावून घेताना) करंट कमी करून किंवा एखादा इलेक्ट्रोड (तारेवरचा करंट सोडणारा ठिपका) बंद करून तो बहुतेकदा थांबवता येतो.

आणि ‘मोठं झाल्यावर’? जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचा मेंदू बोली शिकतो ती पहिली तीन-चार वर्षं. ती गेली की मशीन बसवूनही बोलणं तेवढं येत नाही.

आजींना मी तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिलेत: स्कॅनमध्ये नस जागेवर आहे का, मॉनिटर लावणार का, घरी गेल्यावर तोंड वाकडं दिसलं तर फोन कुणाला करायचा?